हॉटेलात ताटात हात धुवावेत का? बाहेर जेवतानाच्या आपल्या रीतीभाती

ओसरी

परवा रविवारी बाबांना घेऊन पुण्यातल्या एका थाळीच्या हॉटेलात गेलो होतो. मी, नवरा, आमचा मुलगा आणि बाबा. बाबा ७४ वर्षांचे. बीड जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होते, सगळं आयुष्य तिथेच गेलं. जेवण चांगलं झालं, बाबांनी आवडीने दोनदा आमटी घेतली. शेवटी ताक संपवलं, डाव्या हाताने ग्लास उचलून उजव्या हातावर पाणी ओतलं आणि ताटातच हात धुतले. घरी ते नेहमी असेच धुतात.

ताटं उचलायला आला तो मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने आधी माझं ताट घेतलं, त्यावर नवऱ्याचं, त्यावर मुलाचं, वाट्या एकात एक घालून वर ठेवल्या. बाबांचं ताट सगळ्यात शेवटी उचललं आणि ते जरासं कलंडलं. आमटीचा तवंग आलेलं ते पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि सदऱ्याच्या बाहीत शिरलं. दोन्ही हात अडकलेले होते. त्याने बाही गालाने वर सारायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही, मग तसाच आत निघून गेला. एका शब्दाने काही बोलला नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "गावाकडचे दिसतात." मला ऐकू आलं. बाबांनाही बहुतेक आलं असावं.

तेव्हापासून दोन्ही गोष्टी मनात घोळताहेत. त्या बाईंचं बोलणं मला लागलं, कारण बाबांची सवय गलिच्छ नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं, घागरीचा हिशेब असायचा. ताटात हात धुतले की त्याच पाण्यात ताट विसळलं जायचं, तळाला चिकटलेली चार शितंही वाया जायची नाहीत आणि ते पाणी म्हशीच्या आंबोणात जायचं. यात पाण्याची कदर आहे, अन्नाची आहे, जनावराचीही आहे. पण हॉटेलात ते ताट म्हशीकडे जात नाही, ते एका मुलाच्या हातावरून जातं. त्या ओल्या बाहीने त्याला पुढे रात्रीपर्यंत वाढायचं होतं.

म्हणून हा धागा. बाहेर जेवताना कसं वागावं म्हटलं की लगेच काटा कुठल्या हातात आणि सुरी कुठल्या, हे सांगितलं जातं. आपल्या जेवणाचे प्रश्न वेगळे आहेत. उष्टं-खरकटं, आग्रह, मधोमध ठेवलेली भाजी, हाडं कुठे ठेवायची, वाढप्याला हाक काय मारायची. याबद्दल कुणी नीट बोलत नाही. मला वाटतं, आपल्यामागे ताट कोण उचलणार आहे, त्या माणसापासून विचार सुरू करावा. तुम्हाला काय वाटतं? आणि वडीलधाऱ्यांना हे सांगायचं कसं, तेही सुचवा. तेच मला सगळ्यात अवघड वाटतंय.

सडेतोड

वडिलांना काही सांगायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत. थाळीचे पूर्ण पैसे दिले ना? मग जेवण झाल्यावर लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी वाटीत आणून देणं हे हॉटेलाचं काम. ते दिलं असतं तर ताटात धुवायची वेळच आली नसती. चूक हॉटेलवाल्याची आहे. आपण उगाच आपल्याच माणसांना बोल लावतो.

ओसरी

@सडेतोड, वाटी मिळायला हवी होती हे मान्य. पण ती मिळाली नाही म्हणून भिजला तो मुलगा, मालक नाही.

गल्ल्यावरून

मी सात वर्षं वेटर होतो, आता नाशिकला माझं स्वतःचं लहानसं हॉटेल आहे. ताई, तुम्ही त्या पोराची बाही बघितलीत हे वाचून बरं वाटलं. फार थोडी माणसं बघतात.

ताटात हात धुणारे पूर्वी जास्त असायचे, आता कमी झालेत. त्याचा राग आम्हाला येत नाही, त्या माणसाची सवय असते. तरी ते नकोच, कारण पाणी असलेलं ताट दुसऱ्या ताटावर रचता येत नाही. वेगळं धरून न्यावं लागतं, म्हणजे एक फेरी वाढते, आणि गर्दीत फेरी वाचवायला जावं तर ते सांडतं. सांडलं की खाली फरशी निसरडी. मागून गरम आमटीची बादली घेऊन दुसरा येत असतो.

पण त्याहून वाईट गोष्टी आहेत, त्या गिऱ्हाइकाला माहीतच नसतात, म्हणून सांगतो.

टूथपिक. वापरून झाली की लोक ती उरलेल्या भातात खोचतात किंवा ताटात टाकतात. आत मोरीवर आमच्या मावशी बसतात, त्या ताटातलं खरकटं हाताने ड्रममध्ये लोटतात. भाताखालची काडी दिसत नाही. बोटात घुसते, ती पण दुसऱ्याच्या दातातून निघालेली. माझ्याकडे एका मावशींचा अंगठा त्यापायी आठ दिवस सुजला होता. तेव्हापासून मी टूथपिक टेबलावर ठेवतच नाही, गल्ल्यावर ठेवतो, शेजारी डबा ठेवतो. काडी घ्या, बाहेर जा, डब्यात टाका.

कागदी रुमाल. चुरगळून पाण्याच्या ग्लासात कोंबतात. ओला कागद तळाशी चिकटतो, बोटं घालून खरवडून काढावा लागतो. रुमाल ताटाशेजारी कोरडा ठेवला तर एका हाताने उचलून होतो.

लोक मदत म्हणून स्वतःच ताटं एकावर एक रचतात. भावना चांगली असते. पण आत वाट्या, उरलेली पोळी, चमचे तसेच ठेवून रचली तर डुगडुगतात, आणि वरच्या ताटाची खालची बाजू पण खरकटी होते. रचू नका, नुसती कडेला सरकवा. चमचे एका वाटीत जमा केलेत तरी पुष्कळ झालं.

आणि हाक. "शुक शुक", चुटकी, ग्लासावर चमचा वाजवणं, हे सगळं ऐकू येतं आणि लागतंसुद्धा. मला चाळिशी जवळ आली तरी लोक "ए छोटू" म्हणायचे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेलात, ढाब्यावर कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे तुमच्यासमोर उभा आहे तो छोटू नसलाच पाहिजे. दादा म्हणा, भाऊ म्हणा. हात जरा वर केला तरी पुरतं, आमचं लक्ष टेबलांवरच असतं. दिसलं तरी लगेच येता येत नाही कधी कधी, कारण हातात दुसऱ्याचं ताट असतं.

पंचगंगाकाठ

गल्ल्यावरून भाऊ, काडीचं माहीत नव्हतं. आता घरच्या सगळ्यांना सांगतो.

आमच्या कोल्हापूरकडची गोष्ट वेगळी हाय, ती पण नोंदवून ठेवतो. मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा येतो. पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावूनच प्यायचा. तिथं चमच्यानं घोट घोट घेत बसलं तर तो निवतो आणि चव जाते. पुण्या-मुंबईकडची पाहुणेमंडळी चमचा शोधत बसतात, त्यांना सांगावं लागतं की बिनधास्त वाटी उचला. फक्त सुर्र आवाज काढायची गरज नाही. वाटी जरा तिरकी केली की रस्सा आपोआप येतो.

हाडांचं मात्र आमच्याकडंही चुकतं. टेबलावरच ढीग करतात. फडकं मारणाऱ्याला ती हातानं गोळा करावी लागतात, तेलकट डाग राहतो तो वेगळाच. बसल्या बसल्या एक रिकामी ताटली मागून घ्यावी, सगळ्यांची हाडं तिच्यात. आणि नळी फोडायला ताटावर आपटायची नाही. ओढून निघत नसंल तर सोडून द्यावी.

रस्सा मागंल तेवढा मिळतो म्हणून वाटी भरून घेऊन तशीच ठेवणारे बघितलं की जीव तुटतो. अर्धी वाटी मागा की, अजून लागला तर अजून येतोय.

मरीनाकाठी

मी मूळची ठाण्याची, गेली अकरा वर्षं चेन्नईत. इथे आल्यावर बाहेर जेवण्याची दुसरी शाळाच सुरू झाली.

केळीच्या पानाचं सांगते. पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. पानावर थोडं पाणी शिंपडून हाताने पुसून घ्यायचं. भाज्या, लोणचं, पापड वरच्या अर्ध्यात, भात खालच्या अर्ध्यात. आपल्या ताटातल्या डाव्या-उजव्या बाजूसारखीच ही शिस्त आहे. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे आणि भाजी-उसळ उजवीकडे वाढतात, तसं इथे वरचं आणि खालचं.

जेवण झालं की पान आपल्या दिशेने मिटायचं, म्हणजे वरचा अर्धा भाग आपल्याकडे दुमडायचा. जेवण आवडलं, परत येऊ, असा त्याचा अर्थ. उलट दिशेने मिटणं अशुभ मानतात, ते दुःखाच्या प्रसंगीच्या जेवणात करतात. पहिल्या महिन्यात मला हे ठाऊक नव्हतं. मी पान पलीकडे ढकलून मिटलं, तर समोर बसलेल्या आजींनी काही न बोलता हात पुढे केला, पान उलगडलं आणि माझ्याकडे वळवून मिटलं. रागावल्या नाहीत. पुढे त्यांनीच मला रसमभात बोटांनी कसा आवरायचा तेही दाखवलं.

दुसरी गोष्ट, हात किती भरवायचा. आपल्याकडे, आणि उत्तरेत तर जास्तच, बोटांची पेरं भरली तरी पुरे, तळव्याला लागलं की मोठी माणसं टोकतात. इथे रसम-ताकाच्या पातळ भाताला तळहात लागतोच आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझी सासरची माणसं आली की आधी कुजबुजायची. मी त्यांना एवढंच म्हणाले, पातळ भात पेरांनी खाऊन दाखवा.

ओसरी, पानाच्या रीतीत तुमचं उत्तरही आहे थोडं. मिटलेलं पान उचलणाऱ्याच्या हाताला खरकटं लागत नाही, सांडत नाही.

डावखुरा

हा धागा निघालाच आहे तर एक सांगतो. मी डाव्या हाताने जेवतो. जन्मापासून. हॉटेलात अनोळखी माणसांनी येऊन "उजव्या हाताने जेवावं" असं सांगितल्याचे प्रसंग मोजायचे मी सोडून दिलेत. एकदा पंगतीसारखी लांब बाकं असलेल्या एका जागी समोरच्या गृहस्थांनी मी हात लावलेली पोळ्यांची टोपलीच बाजूला सारली.

मी त्या टोपलीला उजवा हात लावला होता, म्हणजे माझा स्वच्छ हात. बाकी सगळे डाव्याने वाढून घेतात, कारण त्यांचा उजवा खरकटा असतो. मी डाव्याने जेवतो म्हणून उजव्याने वाढून घेतो. रीत तीच आहे, फक्त हात बदलले. खरकटा हात वाढायच्या डावाला, टोपलीला, पाण्याच्या तांब्याला लागू नये एवढंच तिचं म्हणणं असेल तर मी ती तुमच्याइतकीच पाळतो.

माझा मुलगाही डावखुरा आहे, सहा वर्षांचा. त्याला कुणी हॉटेलात टोकू नये एवढी इच्छा आहे.

ओसरी

@डावखुरा, हे वाचून थांबले. "खरकटा हात वाढायच्या डावाला लागू नये", इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सुचलं नव्हतं.

@मरीनाकाठी, त्या आजींनी न बोलता पान वळवून दिलं, तसं शेजारच्या बाईंना करता आलं असतं. वाटी मागवून बाबांपुढे सरकवली असती तरी चाललं असतं.

शेवगाशेंग

उष्ट्याचा विषय निघालाच आहे तर मधोमध ठेवलेल्या भाज्यांचं बोलूया. पंजाबी जेवण मागवलं की तीन भाज्या मध्ये येतात आणि जो तो पोळीचा घास थेट त्यातच बुडवतो. पनीरचे तुकडे शोधून काढायला ग्रेव्ही ढवळतात. माझ्या कार्यालयातल्या एका मैत्रिणीने त्यामुळेच आमच्याबरोबर जेवायला येणं बंद केलं, आणि कारण तिने खूप उशिरा सांगितलं. भाजी आली की आधी प्रत्येकाच्या ताटलीत चमच्याने वाढून घ्यावी. चमचा भाजीतच राहू द्यावा, चाटू नये, दुसऱ्या भाजीत घालू नये.

चमच्यांची अदलाबदल तर फारच जपायला हवी. टेबलावर एक जण शाकाहारी, एक जण श्रावण पाळणारा, एक जैन, हे आपल्याकडे रोजचं आहे. चिकनच्या वाटीतला चमचा डाळीत गेला की त्या माणसाचं जेवण तिथेच संपतं, आणि तो संकोचाने भात-दही मागवतो. मागवतानाच वेटरला सांगून शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका टोकाला ठेवून घ्यावेत. कुणी "अरे, काही होत नाही" म्हणू नये. काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

आणि आग्रह! घरी आग्रह करणारा स्वतः रांधलेलं वाढत असतो, उरलं तर संध्याकाळी खाता येतं. हॉटेलात दुसऱ्याच्या ताटलीत न विचारता नान टाकणं म्हणजे ते नान कचऱ्यात टाकणं. माझे काका असं करायचे, अतिशय प्रेमाने. आम्ही सगळे पोट फुटेस्तोवर खायचो, कारण काकांचं मन मोडवायचं नाही.

गल्ल्यावरून

आग्रहावरून आठवलं. थाळीच्या हॉटेलात वाढपी आग्रहच करतो, त्याला तसं शिकवलेलं असतं. त्याला थांबवायला तोंडाने "नको नको" म्हणत राहू नका. त्याला गोंगाटात ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे नको म्हणजे थोडं चालेल असाही अर्थ होतो. वाटीवर हात आडवा धरायचा, बोटं जुळवून. तो लगेच पुढे जातो. मात्र पळी आधीच कलली असेल तर हात मध्ये घालू नका, आमटी उकळती असते. आधी धरा.

दोन_पिल्लांची_आई

गरम आमटी वाचून लिहावंसंच वाटलं. आम्ही गेल्या वर्षी एका हॉटेलात होतो, माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. टेबलांच्या मधून पळापळी चालली होती. मी दोनदा ओरडले आणि पुन्हा गप्पांत रमले. वळणावर तो सांबाराची बादली घेतलेल्या वेटरच्या पायात आला. त्या माणसाने बादली स्वतःच्या अंगाकडे ओढली म्हणून माझा मुलगा वाचला. सांबार त्या वेटरच्याच पोटरीवर सांडलं. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणली, चार दिवस रोज फोन केला. तो म्हणत होता, "ताई, माझ्या पण घरी लहान पोरगी आहे."

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. जेवण येईपर्यंत एक जण मुलांना बाहेर फिरवून आणतो, जेवण आलं की मुलं भिंतीच्या बाजूला, मोठी माणसं वाटेच्या बाजूला. शांत राहावीत म्हणून हातात मोबाइल देणारे खूप दिसतात. अगदी देणार असाल तर आवाज बंद करून द्या. चार टेबलांवर चार गाणी वाजत असतात आणि कुणालाच दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या मुलांसाठी मी एक डबी नेते, त्यात खडू आणि कागद. मोठा मुलगा आता मेनूकार्ड वाचून सगळ्यांचं मागवतो, वेटरकाकांना "झालं का तुमचं जेवण?" असंही विचारतो.

सडेतोड

मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. काडीचं आणि सांबाराचं वाचलं. पैसे दिले म्हणून सगळं संपत नाही हे कबूल.

पण मग पैशांचंही बोला ना. बिलात सर्व्हिस चार्ज लावतात, वर टिपेची अपेक्षा असते. मागे एका हॉटेलात यावरून माझं वेटरशी चांगलंच वाजलं होतं. त्यात नेमकी रीत काय?

नियमपुस्तक

ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, तो द्यायचा की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. हॉटेलांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने तत्त्वं कायम ठेवली. त्यामुळे तो चार्ज काढून द्या असं शांतपणे सांगता येतं. नाही काढला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जीएसटी मात्र कर आहे, तो द्यावाच लागतो. साध्या हॉटेलात तो ५ टक्के. १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यात एसी आणि बिगरएसी असा फरक राहिलेला नाही. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, त्यावरून तर वाद घालूच नये. बसून जेवायच्या हॉटेलाला तसं घेता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. नको असेल तर बसल्या बसल्याच "साधं पाणी आणा" म्हणावं.

हक्क तुमचा आहे, पण तो कुणाजवळ मागायचा हे महत्त्वाचं. बिल वेटर आणून देतो, ते तो बनवत नाही. चार्ज काढायचा अधिकार त्याला नसतो, पण ओरडा तोच खातो. गल्ल्यावर जा, मॅनेजरशी बोला, आवाज न चढवता.

टीप मी रोख देतो. मोबाइलवरून बिल भरायला लागल्यापासून लोकांच्या खिशात सुट्टे पैसेच नसतात, आणि बिलाच्या रकमेत टाकलेले जास्तीचे पैसे वाढप्याच्या हातात पोचतीलच असं नाही. बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेली नोट त्याला दिसते. आत भांडी घासणाऱ्यांसाठी गल्ल्यावर डबा असेल तर त्यातही टाका.

राहिली बिलासाठीची ओढाओढी. दोन कुटुंबं निघताना बिलाचं फोल्डर खेचत उभी राहतात आणि वेटर मध्ये अवघडून उभा असतो. ज्याने बोलावलं त्याने द्यावं. वाटून घ्यायचं असेल तर मागवायच्या आधीच बोलावं. म्हणजे ज्याचा खिसा लहान आहे तो त्या बेताने मागवतो.

पंचगंगाकाठ

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. शिकत असताना आम्ही आठ जण जायचो. मी फक्त चहा-भजी घ्यायचो आणि बिल आठात वाटलं जायचं. कधी तोंड उघडून बोलता आलं नाही.

शेवगाशेंग

एक राहिलंच. शनिवार-रविवारी रात्री जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहणारे. समोरचा शेवटचा घास कधी घेतो ते बघत असतात. नंबर लावून बाहेर थांबावं. आणि बाहेर वीस माणसं थांबलेली दिसत असतील तर आतल्यांनीही बडीशेप खाऊन झाल्यावर अर्धा तास गप्पा मारत टेबल अडवू नये.

ओसरी

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जे घडलं ते सांगते.

काल पुन्हा बाबांना घेऊन त्याच हॉटेलात गेलो. मी घरून निघायच्या आधी बोलायचं ठरवलं होतं, तीन-चार वाक्यं मनात जुळवली होती. धीर झाला नाही. जेवण संपत आलं तसं मी त्या मुलाला बोलावून लिंबूपाण्याची वाटी मागितली. तो म्हणाला, "ताई, वाटी नाही मिळत इथे, बेसिन आहे ना." आणि बोट दाखवलं. बेसिन पोटमाळ्यावर. लाकडी जिना, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मागच्या वेळी बघितला होता मी तो जिना. गुडघे चढू देणार नाहीत. तुम्हाला कशाला सांगायचं, तुम्ही हौसेने आणलं होतं."

आम्हाला वाटलं होतं सवय. मी इथे येऊन म्हशीचं आंबोण, टँकर सगळं लिहिलं, आणि ते सगळं खरंही आहे. पण त्या दिवशी हॉटेलात ते हात धुवायला उठले नाहीत ते जिन्यामुळे. बाबांनाच विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्या मुलाला मी मागच्या रविवारचं सांगितलं, त्याच्या बाहीबद्दल माफी मागितली. त्याला आठवत नव्हतं. "रोजचंच आहे ताई," म्हणाला. मग आतून एका मोठ्या वाडग्यात कोमट पाणी घेऊन आला आणि बाबांनी हात बुडवले तेव्हा वाडगा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. बाबांनी त्याला शाळा कितवीपर्यंत झाली ते विचारलं. दहावी झाली आहे, पुढे शिकायचं आहे, म्हणाला. बाबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि बाहेरून बारावीला बसण्यासाठी कुठला अर्ज भरायचा ते त्याला लिहून दिलं.

गल्ल्यावरून

ताई, पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलात जायच्या आधी फोन करून विचारा, बेसिन तळमजल्यावर आहे का, आणि म्हातारं माणूस सोबत आहे हे सांगा. आम्ही बेसिनजवळचं टेबल धरून ठेवतो. कुणी विचारतच नाही, म्हणून तिथे कॉलेजची पोरं बसतात.

माझ्या हॉटेलात बेसिन तळमजल्यावरच आहे, पण त्याच्याआधी एक पायरी आहे. आज दुपारी गवंड्याला बोलावून दाखवली. उतार करून देतो म्हणाला, सोमवारी काम धरतोय.